सहा नळ्या आणि एक वायपर मोटार

नाशिकहून आग्रा महामार्गाने साधारण वीस किलोमीटर गेलं की ओझर लागतं. अष्टविनायकांतलं ओझर वेगळं, ते पुणे जिल्ह्यात. हे ओझर बाणगंगेच्या काठचं, निफाड तालुक्यातलं. द्राक्षं आणि विमानं ही या गावाची दोन पिकं. १९६२ च्या चीन युद्धाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले, आणि त्याच सुमारास रशियन मिग विमानांच्या बांधणीसाठी ओझरची जागा मुक्रर झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ पासूनचा. आधी मिग-२१, मग मिग-२७, नंतर सुखोई-३० अशी विमानं इथे जुळत गेली. गावातल्या दोन पिढ्यांची घरं त्यावर उभी राहिली.

यातल्या मिग-२७ च्या पोटाखाली एक तोफ असे. जीएसएच-६-३० हे तिचं रशियन नाव. ३० मिलिमीटर व्यासाच्या सहा नळ्या एका अक्षाभोवती गोलाकार बांधलेल्या; तोफ सुरू झाली की तो सगळा जुडगा गरगर फिरे. ही विमानं दीडशेहून अधिक बनली आणि हवाई दलाने त्यांना ‘बहादूर’ असं नाव दिलं. तोफेचा जन्म रशियातल्या तुला शहरातला. ओझरला जुळलं ते विमान. पण ती बसायची या विमानाच्याच अंगावर, त्यामुळे तिच्यावर गावाचा थोडा हक्क पोचतो असं मी मानतो. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरच्या तळावर मिग-२७ ने शेवटचं उड्डाण केलं.

आज ओझरमधल्या एखाद्या शाळकरी मुलाला सहा नळ्यांच्या फिरत्या बंदुकीबद्दल विचारा. तो क्षणात ‘मिनिगन’ म्हणेल. मोबाइलवरच्या खेळांतून आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून ती त्याच्या चांगल्याच ओळखीची आहे. आपल्या गावात जुळलेल्या विमानाला तिची थोरली बहीण लटकलेली होती, हे मात्र त्याच्या कानावर आलेलं नसतं. आजोबा त्या कारखान्यात फिटर होते एवढं माहीत असतं. ते काय बसवत होते हे घरात कधी बोललं गेलेलं नसतं.

हौशी नाटकांसाठी आणि गणेश मंडळांच्या हलत्या देखाव्यांसाठी वस्तू बनवणं हा माझा जुना उद्योग. गावातल्या एका मंडळासाठी मी अशा तोफेची मोटारीवर फिरणारी प्रतिकृती बनवली. त्या निमित्ताने जे वाचलं, मोजलं आणि हाताने करून पाहिलं, ते इथे मांडतो आहे. करताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली: प्रतिकृतीचं खरं काम मूळ वस्तूतलं काय गाळायचं हे ठरवण्यात असतं.

पाभरीपासून तोफेपर्यंत

फिरत्या नळ्यांची बंदूक ज्याने पहिल्यांदा नीट चालवून दाखवली तो रिचर्ड गॅटलिंग हा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला शेतकऱ्याचा मुलगा. त्याने डॉक्टरकीची पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. त्याचं आधीचं नाव झालं होतं ते पेरणीयंत्रामुळे. आधी भातासाठी आणि मग गव्हासाठी त्याने बी पेरण्याचं यंत्र तयार केलं होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना, ४ नोव्हेंबर १८६२ रोजी, त्याला आपल्या बंदुकीचं पेटंट मिळालं.

आपल्याकडची पाभर ज्याने चालवली आहे त्याला या बंदुकीचं मर्म समजायला वेळ लागणार नाही. वर चाडं, त्यात बी, खाली नळ्या. चाड्यात मूठ सोडणारा हात आपल्या लयीत चालतो आणि दाणे आपल्या वजनाने नळीत उतरतात. गॅटलिंगच्या सुरुवातीच्या बंदुकीतही काडतुसं वरच्या खोक्यातून आपल्या वजनानेच खाली पडत. एक माणूस दांडा फिरवी, आणि फिरता फिरता प्रत्येक नळी खोक्याखाली येऊन आपलं काडतूस उचले. पेरणीचं यंत्र करणाऱ्या हातानेच हे घडवलं होतं, हे यंत्राकडे पाहताना लपत नाही.

नळ्या अनेक का? एका नळीतून सतत गोळ्या सुटल्या तर ती तापते आणि झिजते. शिवाय काडतूस आत घालणं, दार बंद करणं, उडवणं, रिकामं टरफल ओढणं आणि बाहेर टाकणं ही कामं एकामागून एकच होऊ शकतात. एका नळीला प्रत्येक कामासाठी थांबावं लागतं. सहा नळ्या असल्या की त्या सहाही एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. दिवाळीत करंज्या करायला सहाजणी गोल बसाव्यात तसं: एक लाटते, एक सारण भरते, एक मुरड घालते, एक तळणीत सोडते. प्रत्येकीचा हात आपल्या सवडीने चालतो, पण ताटात करंज्या पडत असतात भराभर. फिरत्या बंदुकीचं गुपित एवढंच आहे. प्रत्येक नळी सावकाश काम करते, जुडगा मात्र झपाट्याने.

गॅटलिंगने पुढे एका पत्रात असं म्हटलं की, शंभर जणांचं काम एकाच सैनिकाला करता आलं तर मोठ्या सैन्यांची गरज उरणार नाही आणि युद्धातले मृत्यू कमी होतील. तो हे मनापासून म्हणत होता असं धरलं, तरी पुढचा इतिहास नेमका उलटा घडला.

दांड्याच्या जागी विजेची मोटार लावण्याची कल्पनाही त्याचीच. तिचं पेटंट १८९३ चं, आणि वेग मिनिटाला सुमारे ३००० गोळ्यांचा. लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं तेही १८९३ मध्येच. मोटारीवर फिरणारी तोफ आणि मोटारीवर हलणारे देखावे भरवणारा उत्सव यांचं जन्मसाल असं एक निघावं, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटला.

त्या काळच्या सैन्यांना एवढ्या वेगाची गरज नव्हती. मॅक्सिमची एका नळीची, आपल्याच धक्क्याने भरणारी मशिनगन आली आणि गॅटलिंग बंदुका संग्रहालयांत गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं इतकी वेगवान झाली की शत्रू नेमात येई तो क्षणभरच. त्या क्षणात जास्तीत जास्त गोळ्या कशा सुटतील, या प्रश्नाचं उत्तर शोधताना अमेरिकनांनी एक जुनी गॅटलिंग बाहेर काढली, तिला विजेची मोटार जोडली आणि मिनिटाला ५००० च्या आसपास वेग मिळवला. त्यातून जनरल इलेक्ट्रिक कंपनीची २० मिलिमीटरची ‘व्हल्कन’ तोफ जन्मली. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर लावण्यासाठी त्याच कंपनीने तिची लहान आवृत्ती काढली, नेहमीची ७.६२ मिलिमीटरची रायफलची काडतुसं खाणारी. तीच मिनिगन. नावातलं ‘मिनि’ हे व्हल्कनच्या मानाने.

ओझरच्या तोफेला मोटार नव्हती

आता एक गोष्ट, जी प्रतिकृती करायला घेईपर्यंत माझ्या आजूबाजूच्या फार थोड्यांना ठाऊक होती. मिनिगन विजेच्या मोटारीवर फिरते. मिग-२७ ची तोफ तशी फिरत नसे. तिला सुरुवातीचा धक्का दाबलेल्या हवेने मिळे. एकदा गोळ्या सुटू लागल्या की नळीतल्या जळत्या वायूचा थोडा अंश बाजूला काढून त्याच्याच जोरावर पुढचा फेरा होई. म्हणजे तोफ स्वतःच्या आगीवर फिरे. बाहेरची वीज नको, अवजड मोटार नको, आणि पूर्ण वेग गाठायला लागणारा वेळही कमी. सुमारे १५० किलोच्या या यंत्राचा वेग मिनिटाला ५००० गोळ्यांच्या आसपास होता. भारतीय नौदलाच्या जहाजांवरची एके-६३० ही तोफ याच घराण्यातली.

मिग-२१ चीही एक गोष्ट यात येते. ओझरला सुरुवातीला बनलेल्या मिग-२१ एफएल विमानात तोफ मुळी नव्हतीच. क्षेपणास्त्रांच्या युगात तोफ हवी कशाला, असं त्या काळी जगभर मानलं जात होतं. १९६५ च्या युद्धाने ते खोटं ठरवलं. मग पोटाखाली बाहेरून लटकवायच्या पेटीत दोन नळ्यांची जीएसएच-२३ तोफ बसवण्यात आली. तिच्यात फिरणं नाही. एक नळी उडते तिच्या जोरावर दुसरी भरते, दुसरी उडते तिच्या जोरावर पहिली. उखळात दोन बायका आळीपाळीने मुसळ घालतात तशी ही चाल. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर भारतीय मिग-२१ ने पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं, ते याच तोफेने.

तेव्हा मी जी करणार होतो ती प्रतिकृती एका अर्थाने मुळातच खोटी ठरणार होती. रूप मिग-२७ च्या तोफेचं, चाल मिनिगनची. देखाव्यात आग आणि वायू वापरण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मोटार अटळ होती. शेजारच्या फलकावर हे स्पष्ट लिहायचं, असं पहिल्याच बैठकीत ठरवलं.

नकलेची आपली परंपरा

यंत्र समोर ठेवून, सुटे भाग करून, हाताने दुसरं घडवणं महाराष्ट्राला नवं नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी विलायती कॅमेरा अभ्यासून स्वतःचा चित्रपट-कॅमेरा बनवला. आधी बंधू आनंदराव पेंटर यांच्यासह आणि त्यांच्या अकाली निधनानंतर विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ साली तो पुरा झाला. त्याच कॅमेऱ्याने महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ चित्रित झाला आणि १९२० मध्ये पडद्यावर आला. त्यातला भीमाने केलेला कीचकवध इतका अस्सल वाटला की प्रेक्षक हादरले आणि तो भाग कापावा लागला. तिथे खरं काहीच नव्हतं. खोट्या वस्तूचा परिणाम खराच होतो, हे आपल्या चित्रसृष्टीला असं अगदी लवकर कळलं. आमच्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके तर त्याआधी, १९१७ मध्ये, पडद्यावर लंका जाळून मोकळे झाले होते.

हॉलिवूडने मिनिगन घराघरांत पोचवली ती १९८७ च्या ‘प्रिडेटर’ने. त्यात एक धिप्पाड सैनिक ती दोन हातांत धरून चालवतो. प्रत्यक्षात हे जवळजवळ अशक्य. यंत्राचं वजन, गोळ्यांचं वजन, मोटारीला लागणारी वीज आणि मागे ढकलणारा जोर, यांतलं काहीच एका माणसाला पेलणारं नाही. चित्रीकरणात विजेची तार नटाच्या विजारीतून लपवून नेली होती आणि गोळ्या नसलेली काडतुसं वापरली होती. शिवाय नळ्या फिरताना दिसाव्यात म्हणून वेग बराच उतरवला होता. ही शेवटची बाब ध्यानात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

जुळणी

मूळ तोफ सुमारे दोन मीटर लांब. मी निम्मं माप धरलं. नळ्यांसाठी घरातल्या वायरिंगला वापरतात तो २५ मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप घेतला. ७५ सेंटिमीटरचे सहा तुकडे कापले आणि प्रत्येक किराणा दुकानातल्या काट्यावर तोलला. वजनात फरक असेल तर फिरताना जुडगा थरथरतो. प्रत्येक पाइपात दोन्ही टोकांना लाकडी गुडदी ठोकून चिकटवली. नळी पोकळ ठेवायची नाही, हा माझा पहिला नियम. त्याचं कारण पुढे येईल.

नळ्या धरायला १२ मिलिमीटर प्लायवुडच्या तीन तबकड्या. सहा भोकं समान अंतरावर पाडायला कोनमापक लागत नाही. कंपासने वर्तुळ काढा आणि कंपास न हलवता त्याच त्रिज्येने परिघावर खुणा करत जा. बरोबर सहाव्या खुणेला तुम्ही सुरुवातीच्या जागी येता. शाळेत षटकोन काढताना सगळ्यांनी हे केलेलं असतं. माझं वर्तुळ ९० मिलिमीटर व्यासाचं. तिन्ही तबकड्या एकावर एक चापात घट्ट धरून एकदमच भोकं पाडली, म्हणजे खुणेत केसभर फरक पडला तरी तिन्हींत सारखाच पडतो आणि नळ्या सरळ राहतात.

मधोमध २० मिलिमीटरचा ब्राइट बारचा शाफ्ट. मागच्या घरात दोन ६२०४ बेअरिंगा, एकमेकींपासून १५ सेंटिमीटर दूर. ही बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळते आणि तिचं भोक नेमकं २० मिलिमीटरचं असतं. बेअरिंगांची घरं आणि शाफ्टवरचे बुश सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपात लेथवर करून घेतले. नाशिकला राहण्याचा हा मोठा फायदा. हाताने काढलेलं चित्र घेऊन सातपूर किंवा अंबडला जावं, टर्नर दोन प्रश्न विचारतो, त्यातल्या एकाने आपल्या चित्रातली उणीव उघडी पडते, आणि संध्याकाळी जॉब हातात असतो.

मोटार ट्रकच्या वायपरची, १२ व्होल्टची, भंगारातून आणलेली. हलत्या देखाव्यांची ही खरी कुलदेवता. कंसाची मान वळते, बकासुराचा हात तोंडाशी जातो, हनुमानाची शेपटी लांबते, ते सगळं हिच्या जिवावर. आत वर्म गिअर असल्याने वेग कमी आणि ताकद भरपूर. माझ्या मोटारीचा जलद वेग मिनिटाला ६५ फेऱ्यांचा होता. घराघरांतल्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची बॅटरी, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज आणि लाल डोक्याचं दाबून बंद करायचं बटण, एवढीच वीजजोडणी.

वर्म गिअरची एक अडचण असते. मोटार बंद केली की तो जागच्या जागी करकचून थांबतो. फिरत्या तोफेची शान तर शेवटच्या सावकाश थांबत जाणाऱ्या फेऱ्यांत आहे. यावर तोडगा सायकलने दिला. पायडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं, ते फ्रीव्हीलमुळे. शाफ्टवर १८ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं. त्यासाठी बुशावर बारीक आटे लेथवर पाडून घेतले. मोटारीवर लहान मुलांच्या सायकलीचं २८ दात्यांचं चाक, मध्ये सायकलचीच साखळी. ६५ गुणिले २८ भागिले १८, म्हणजे मिनिटाला जवळपास १०१ फेऱ्या. मोटार थांबली तरी जुडगा फिरत राहतो. तो पुरेसा फिरावा म्हणून मागच्या बाजूला २० सेंटिमीटर व्यासाची, १० मिलिमीटर जाडीची लोखंडी तबकडी शाफ्टला जोडली. तिचं वजन अडीच किलो भरतं. आता बटण सोडलं की तीन-चार सेकंद नळ्या फिरतात आणि फ्रीव्हीलचा टिक-टिक-टिक आवाज हळूहळू विरत जातो. या आवाजासाठी वेगळं काहीच करावं लागलं नाही.

शेवटी तोल. शाफ्टची दोन टोकं दोन सरळ पट्ट्यांवर ठेवायची आणि हात सोडायचा. जड बाजू आपोआप खाली येते. समोरच्या बाजूला एखादा वॉशर लावायचा, पुन्हा हात सोडायचा. जुडगा कुठेही ठेवला तरी तिथेच राहू लागला की तोल साधला. याला दोन तास लागले आणि त्या दोन तासांनी पुढचे दहा दिवस निभावले.

खरा वेग खोटा दिसतो

मंडळातल्या पोरांचा पहिला आग्रह साहजिक होता: खऱ्या वेगाने फिरवा. मिनिगन मिनिटाला ६००० गोळ्या झाडते तेव्हा सहा नळ्यांचा जुडगा मिनिटाला १००० फेऱ्या घेतो. तेवढ्या वेगाने फिरवलं तर दिसेल काय? हे कोणालाही घरी पाहता येईल. जाड पुठ्ठ्याची वाटीएवढी तबकडी कापा, तिच्यावर समान अंतरावर सहा काळे ठिपके काढा आणि मधोमध नटबोल्ट आवळून ती ड्रिल मशिनला लावा. उन्हात ठिपके नाहीसे होतात, राखाडी कडं तेवढं उरतं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली मात्र हळूहळू वेग वाढवत नेला की एका ठिकाणी ठिपके चक्क थांबल्यासारखे दिसतात.

कारण सोपं आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. एका झळाळीपासून पुढच्या झळाळीपर्यंत तबकडी बरोबर एक षष्ठांश फिरली, तर पहिल्या ठिपक्याच्या जागी दुसरा आलेला असतो आणि डोळ्याला काहीच हललेलं दिसत नाही. गणित मांडा: शंभर भागिले सहा, सेकंदाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या, म्हणजे मिनिटाला नेमक्या १०००. खऱ्या मिनिगनचा खरा वेग ट्यूबलाइटखाली स्तब्धतेसारखा दिसतो!

कॅमेऱ्याची गोष्ट हीच. चित्रपट सेकंदाला २४ चित्रं टिपतो. सहा नळ्यांचा जुडगा मिनिटाला २४० फेऱ्यांनी फिरला तर पडद्यावर थांबलेला दिसेल, त्याहून जरा सावकाश फिरला तर उलटा जाताना दिसेल. जुन्या चित्रपटांत टांग्याची चाकं उलटी फिरतात ती यामुळेच. मोबाइलचा कॅमेरा बहुधा सेकंदाला ३० चित्रं घेतो, त्याच्यासाठी हा आकडा ३०० आहे. आज देखाव्यासमोर उभ्या असलेल्या माणसांपैकी निम्मी तो मोबाइलमधून पाहतात, त्यामुळे हे गणित सोडून चालत नाही. दोन चित्रांमध्ये नळी अर्ध्या अंतराहून कमी सरकली तरच फिरण्याची दिशा नीट कळते. चित्रपटासाठी ती मर्यादा मिनिटाला १२० फेऱ्यांची, मोबाइलसाठी १५० ची. माझा १०१ चा वेग दोन्हींच्या आत बसतो. मिनिगनच्या मानाने हा दहापट कमी आहे, आणि म्हणूनच तो खरा दिसतो. ‘प्रिडेटर’वाल्यांनी वेग उतरवला होता त्यामागेही नळ्या डोळ्याला दिसाव्यात हीच गरज होती.

गाळलेल्या गोष्टी

शस्त्राची प्रतिकृती करणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा: ही वस्तू कधी काळी, कुणाच्या हातात, खरी होऊ शकेल का? उत्तर ‘नाही’ असंच यायला हवं, आणि ते वस्तूच्या रचनेतूनच यायला हवं. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं सहावं कलम परवान्याशिवाय नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला मनाई करतं. कायदा तिथे थांबतो; बनवणाऱ्याने त्याच्या बरंच अलीकडे थांबावं. म्हणून भरीव गुडद्या ठोकलेल्या नळ्या, म्हणून प्लास्टिक आणि प्लायवुड, म्हणून तोंडाशी दुरून दिसणारा केशरी रंग. धूर नाही, फटाका नाही, उडणारं काही नाही. साखळीवर पत्र्याची झाकणी आणि पुढे हात पोचणार नाही इतक्या अंतरावर कठडा. मांडणीच्या आधी पोलीस चौकीत जाऊन काय आहे ते सांगितलं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’ चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळी खरं पिस्तूल वापरात होतं आणि त्यात खरी गोळी निघाली. छायालेखिका हलिना हचिन्स त्यात मरण पावल्या. खरी वस्तू ‘आत काही नाही’ असं म्हणून खोट्या कामाला लावण्यापेक्षा, जिच्यातून काही निघूच शकत नाही अशी खोटी वस्तू केव्हाही बरी.

पण सगळ्यात मोठा प्रश्न कायद्याचा नव्हता. गणपतीपुढे तोफ फिरताना पाहून मुलं काय घेऊन जाणार? नुसतीच ‘भारी’ वाटली आणि मुलं घरी गेली, तर मोबाइलच्या खेळात आणि आमच्या देखाव्यात फरक तो काय? याच्या उत्तरादाखल मी एक भाग वाढवला. मागच्या लोखंडी तबकडीवर सहा चुंबकं आणि त्यांच्यासमोर एक रीड स्विच, सायकलच्या वेगमापकात असतो तसा. तो उलटी मोजणी करणाऱ्या आकडेपाटीला जोडला. एक नळी वरच्या खुणेपाशी आली की पाटीवरचा एक आकडा कमी होतो. सुरुवात २६० पासून, कारण मिग-२७ च्या तोफेसाठी साधारण तेवढेच गोळे विमानात असत.

आमच्या वेगाने २६० चे शून्य व्हायला २६ सेकंद लागतात. खऱ्या तोफेला सुमारे तीन लागत. एकेक गोळा चारशे ग्रॅमच्या घरातला. म्हणजे सेकंदाला तीस किलोहून अधिक लोखंड आणि स्फोटक नळ्यांतून बाहेर. सोव्हिएत वैमानिकांनी सांगून ठेवलंय की या तोफेच्या हादऱ्याने त्यांच्याच विमानाचे उतरायचे दिवे फुटत. हे सगळं फलकावर लिहिलं. तोफ आपल्याच वायूवर फिरे आणि आमची मोटारीवर फिरते, हेही लिहिलं.

दहा दिवसांत दिसलं ते असं. मुलं आधी नळ्यांकडे पाहत, मग पाटीकडे. निम्म्यावर त्यांचा धीर सुटे, ‘अजून किती?’ म्हणून विचारणा होई. मोठं कुणीतरी फलक वाचून सांगे की खरी तोफ एव्हाना केव्हाच रिकामी झाली असती. त्यावर मुलं गप्प होत. त्यांच्यामागे उभे असलेले कारखान्यातले जुने लोक वेगळंच काही पाहत असत. एकाने झाकणीवर बोट टेकवून बेअरिंग कुठली म्हणून विचारलं. दुसऱ्याने जुडगा थांबेपर्यंत डोळे मिटून आवाज ऐकला आणि तोल बरा असल्याचा निर्वाळा दिला. नातवंडांनी मग त्यांनाच विचारलं, तुम्ही काय बसवायचात? बंद तोंडं तेवढ्यापुरती उघडली. कुणी पंखांची जोडणी सांगितली, कुणी रिव्हेट मारताना आत शिरणाऱ्या बारक्या अंगाच्या पोराची.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ चाही निरोप झाला. ओझरने ज्या दोन विमानांवर आपला संसार उभा केला ती दोन्ही आता आकाशात नाहीत. उरली आहे ती हातांची माहिती: केसभर फरक कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, आवाजावरून तोल कसा ओळखायचा, सहा वस्तू एका अक्षाभोवती सरळ कशा बांधायच्या. ही माहिती कागदावर फारशी उतरलेली नाही आणि ती ज्यांच्याकडे आहे ते सत्तरी ओलांडून गेले आहेत. पुढच्या वर्षी मंडळाने देखाव्यासाठी दुसरं यंत्र निवडलं आहे. मोटार तीच राहील, फ्रीव्हीलही तेच. ते यंत्र जुळवायला या वेळी चार मुलं आणि दोन जुने फिटर बरोबर बसणार आहेत.